भाच्याचा पहिला पगार, पिशवीतले चार कागद आणि एक पेन्सिलची फुली

खडकीचा_मामा

नमस्कार मंडळी.

भाचा डिप्लोमा मेकॅनिकल करून चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागलाय. गाव बार्शीजवळ. भोसरीत तिघं पोरं मिळून खोली घेऊन राहतात. ऑफर लेटरवर वर्षाला ४ लाख ८० हजार. बहिणीने अख्ख्या भावकीत "चाळीस हजार पगार" म्हणून पेढे वाटले, आणि महिनाअखेरीला खात्यात आले तीस हजार नि वर थोडी चिल्लर. तिकडे लोक विचारताहेत, बाकीचे कुठं उडवतो?

रविवारी तो सॅलरी स्लिप घेऊन माझ्याकडे आला. त्याच पिशवीत आणखी तीन कागद निघाले. ओळखीच्या विमा एजंटाने दिलेला पॉलिसीचा तक्ता, बँकेने न मागता पाठवलेलं क्रेडिट कार्ड, आणि गावच्या पतसंस्थेचा कर्जाचा फॉर्म. फॉर्मवर "जामीनदार क्र. २" असं लिहिलेल्या जागी चुलत्याने पेन्सिलने फुली मारून ठेवलीय. इथे सही कर, बाकी मी बघतो.

मला त्याला एसआयपी, चक्रवाढ वगैरे सांगायची फार हौस होती. पण हे चार कागद बघितल्यावर ते सगळं बाजूला ठेवलं. माझं स्पष्ट मत असं झालंय की पोरांना पैसे वाढवायला शिकवण्याआधी कागद वाचायला शिकवावं. तुम्ही काय म्हणता? एकेका कागदावर बोलूया. आणि कृपया "आमच्या वेळी तीनशे रुपयांत घर चालायचं" हा विषय नको. :)

---

आकडेमोड

मामा, स्लिपचे आकडे व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलेत त्यावरून मांडतो, कारण हा हिशेब निम्म्या पोरांना कोणी सांगतच नाही.

४,८०,००० भागिले बारा म्हणजे ४०,००० बरोबर. पण तो सीटीसी, म्हणजे कंपनीला पोरगं केवढ्याला पडतं तो आकडा. त्यातले ४,००० 'व्हेरिएबल'. ते वर्षाअखेरीस, तेही कंपनीच्या आणि साहेबांच्या मर्जीवर. कंपनीचा पीएफचा वाटा १,८००. ग्रॅच्युइटीची तरतूद ९६२, बेसिक २०,००० च्या ४.८१ टक्के. ग्रुप मेडिक्लेमचे ५००. हे सगळं काढलं की उरले ३२,७३८. मग त्याचा स्वतःचा पीएफ १,८००, प्रोफेशनल टॅक्स २००, बस आणि कॅन्टीन मिळून ७००. हातात ३०,०३८. कोणी काही खाल्लेलं नाही.

प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. फेब्रुवारीत शंभर कमी आले की दरवर्षी नवी पोरं एचआरच्या दारात जमतात, म्हणून आधीच सांगून ठेवा.

आता पीएफ. पासबुकात तीन रकाने दिसतील. त्याचे, कंपनीचे आणि पेन्शनचे. पहिल्याच नोकरीत बेसिक १५,००० च्या वर असलेला पेन्शन योजनेत बसत नाही, म्हणून याच्या पासबुकात त्याचे १,८००, कंपनीचे पूर्ण १,८०० आणि पेन्शनचे शून्य दिसायला हवेत. १५,००० पर्यंत बेसिकवर लागलेल्यांच्या कंपनीच्या वाट्यातला मोठा हिस्सा, जास्तीत जास्त १,२५०, पेन्शन योजनेत जातो. पीएफच्या दोन रकान्यांवर व्याज मिळतं (२०२४-२५ साठी ८.२५ टक्के), पेन्शनच्या रकान्यावर व्याज चढत नाही. तिथे दहा वर्षं सेवा भरली की पुढे पेन्शनचा हक्क लागतो.

ग्रॅच्युइटी सीटीसीत दाखवतात, पण साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. शेवटचा बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. बेसिक वाढलाच नाही असं धरलं तरी पाच वर्षांचे ५७,६९२ होतात. चार वर्षांनी नोकरी बदलायचा विचार आला तर हा आकडा डोळ्यासमोर ठेवून बदलावी. बदलूच नये असं नाही.

---

तिसरी_पाळी

आकडेमोड साहेब, मस्त मांडलंत. पण सीटीसी-बिटीसी हे 'पे रोल'वाल्यांचं सुख. मी रांजणगावला ठेकेदाराकडे आहे. आमच्याकडे प्रश्न वेगळा असतो. स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो, पण पुढे भरलाय का?

सरकारच्या उमंग ॲपवर दर दोन-तीन महिन्यांनी पीएफचं पासबुक बघायचं. ठेकेदार बदलला की जुन्याने 'डेट ऑफ एक्झिट', म्हणजे काम सोडल्याची तारीख, टाकलीय का ते बघायचं. त्याने टाकली नाही तर शेवटचा हप्ता जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी आपली आपल्याला पोर्टलवर टाकता येते. हे मला आमच्या लाईनमधल्या एका जुन्या माणसाने दाखवलं. ऑफिसवाल्यांनी नाही.

आणि नाव! आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव कधी आहे कधी नाही. पीएफचा क्लेम अडकतो तो इथे. आमच्या पाळीतल्या एकाचं बहिणीच्या लग्नाच्या तोंडावर अडकलं होतं, कारण एका ठिकाणी "ज्ञानेश्वर" आणि दुसऱ्या ठिकाणी इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. भाच्याला सांगा, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात आधार, पॅन, बँक आणि पीएफ, चारही ठिकाणचं नाव आणि जन्मतारीख जुळवून घे. दुरुस्तीच्या अर्जाला कंपनीची मान्यता लागली, तर आत असताना ती मिळते. सोडून गेल्यावर कोण ओळखतंय?

---

शेवंती

+१०० नावाच्या मुद्द्याला. आणि मुलींसाठी त्यात लग्नानंतरच्या नावाची भर! मी नाव बदललं नाही, त्याचं एक कारण हेच. सासरी मात्र दुसरं सांगितलं. :)

मुलींच्या बाबतीत अजून एक विचारते. पगार कोणाच्या खात्यात जातो हे सगळे विचारतात, ओटीपी कोणाच्या फोनवर येतो हे विचारत नाहीत. माझ्या हाताखाली येणाऱ्या मुलींमध्ये दरवर्षी एक-दोन अशा निघतात की नेटबँकिंगचा मोबाईल नंबर बाबांचा किंवा दादाचा. हेतू वाईट नसतो. "तिला काय कळतंय" एवढंच असतं. पण मग तिला कधीच कळत नाही. नंबर स्वतःचा, ईमेल स्वतःचा, आणि ईमेल कंपनीचा नाही तर घरचा. एवढं पहिल्या दिवशी करायचं.

अवांतर: महिलांना महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असेल तर प्रोफेशनल टॅक्स नाही. छोट्या ऑफिसांत तरी कापतात. स्लिप बघा.

---

मालवणी_खाजा

चर्चा वाचतंय. पण मामानु, सगळ्यात पेटता कागद तुम्ही शेवटाक ठेवलात. ती पेन्सिलची फुली! त्यावर बोला आधी. पॉपकॉर्न घेऊन बसलंय.

---

निवांत_नाना

मी सहकार खात्यातून निवृत्त झालो. त्या फुलीवर मी बोलतो, जरा लांबेल.

पतसंस्थेच्या कर्जाला 'दोन पगारदार जामीनदार' लागतात. गावात शेती असलेले, दुकान असलेले पुष्कळ असतात, पगाराची स्लिप असलेले थोडे. म्हणून ज्याला नोकरी लागली त्याच्या मागे पहिल्याच महिन्यात फॉर्म येतो. तुमच्या भाच्याच्या चुलत्याने काही वेगळं केलेलं नाही, ही रीतच आहे.

पोरांना वाटतं जामीनदार म्हणजे साक्षीदार. तसं नाही. करार कायदा १८७२, कलम १२८ सरळ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. संस्थेला आधी चुलत्याची जमीन विकून बघा, मग पोराकडे या, असं बंधन नाही. ती दोघांकडे एकदम येऊ शकते, आणि व्यवहारात आधी जिथे पगार येतो तिथे जाते, कारण तिथून वसुली सोपी. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो, त्यात जामीनदाराचं नाव कर्जदाराच्या खालीच छापलेलं असतं. दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं चालणारा दावा वेगळा आणि '१०१ चा दाखला' वेगळा.

फॉर्मच्या मागच्या पानावर बघा. बहुतेक ठिकाणी पगारातून कपातीचं संमतिपत्र जोडलेलं असतं. पेन्सिलची फुली एकाच जागी दिसते, सह्या तीन-चार ठिकाणी घेतात.

मधेच "माझं नाव काढा" म्हणून निघता येत नाही. संस्थेने दुसरा जामीनदार मान्य केला तरच सुटका. भरलेले पैसे मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क कायद्याने आहे, पण चुलत्यावर दावा लावणारा पुतण्या मी नोकरीच्या काळात फारसा पाहिला नाही.

मामा, तीन गोष्टी सांगा: कर्ज किती, कशासाठी, आणि तारण काय?

---

खडकीचा_मामा

नाना, आभारी आहे. मागचं पान आत्ता उघडून बघितलं. संमतिपत्र आहे. आणि रकमेचा रकाना कोरा आहे!

कर्ज तोंडी तीन लाख सांगितलंय, बोअर आणि पाईपलाईनसाठी. तारण काही नाही.

आता अडचण सांगतो. भाऊजी वारल्यानंतर याच चुलत्याने पोराची हॉस्टेलची फी भरली होती, दोन वर्षं. माणूस दारुडा-जुगारी नाही, कष्टाळू आहे. पण पाऊस-पाण्याचा भरवसा काय? बहीण म्हणते, त्याला नाही म्हणायचं तोंड नाही आपल्याला.

---

मालवणी_खाजा

सोप्पा हा. चुलत्याक सांगा, प्रोबेशनवर हा, एचआर पत्र देत नाही. मिटला.

---

शेवंती

खाजा, सहा महिन्यांनी प्रोबेशन संपेल की! मग? पुढच्या वेळी आजीच्या आजारपणाचं कारण सांगणार का?

मला वाटतं उपकाराची परतफेड आणि जामीन हे दोन विषय वेगळे करावेत. फी भरली होती ना, तर ती रक्कम उघडपणे परत करायला लागावं. महिना दोन-तीन हजार, काकांच्या खात्यात, "हॉस्टेलचे" असं सांगून. काकांना बोअरसाठी त्याचाही उपयोग होईल. मान राखला जातो आणि पोराची जबाबदारी किती ते आकड्यात माहीत असतं. कोऱ्या रकान्यावर सही केली तर ते कधीच माहीत नसतं.

---

निवांत_नाना

शेवंतीताईंशी सहमत. तरीही घरच्यांनी ठरवलंच की सही करायची, तर कशी करायची तेही सांगून ठेवतो. "कधीच करू नका" म्हणून हात झटकणं सोपं आहे, गावात राहणाऱ्याला ते परवडत नाही.

रक्कम शाईने लिहिलेली असल्याशिवाय सही नाही. हमीपत्रातच मर्यादा लिहून घेता येते, "जास्तीत जास्त एक लाख" अशी. कलम १२८ मध्येच 'करारात वेगळं ठरलं नसेल तर' असे शब्द आहेत. संस्था कुरकुर करेल, पण मागून बघायला काय जातं? तीन लाखांना तारण घ्यायला सांगा, शेतीचा बोजा चढवू द्या. दुसरा जामीनदार कोण ते स्वतः भेटून विचारा, त्याच्या नावावर आधीच चार जामीन असतील तर तो नावापुरता. सगळ्या कागदांची झेरॉक्स घ्या. आणि दर तिमाहीला खातेउतारा बघा. कर्जदार हप्ते थकवतो तेव्हा जामीनदाराला कळतं ते नोटीस आल्यावर.

मर्यादेचा आकडा असा धरायचा की उद्या खरंच भरावा लागला तर पोरगं दोन वर्षांत भरू शकेल.

---

आकडेमोड

नानांच्या पोस्टला पुरवणी: जामीन राहिलेलं कर्ज सिबिलसारख्या अहवालात (आपल्या कर्जांची कुंडली)  जामीनदाराच्या नावावरही दिसू शकतं. पाच वर्षांनी भाचा घरासाठी बँकेत जाईल तेव्हा बँक हे कर्ज धरून त्याची ऐपत मोजेल, चुलत्याने एकही हप्ता चुकवला नसला तरी. देशात चार क्रेडिट ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. ॲपवाले त्यासाठी पैसे मागतात ते देऊ नका.

---

बाभळीचा_काटा

पतसंस्थेचा विषय निघालाच आहे तर ठेवींचंही सांगा कोणी. आमच्याकडे पोरं दीड-दोन टक्के जास्त व्याज दिसलं की पतसंस्थेत टाकतात. फलकावर 'सहकारी' दिसलं की सगळं सारखंच वाटतं.

---

निवांत_नाना

सारखं नाही. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली नागरी सहकारी बँक वेगळी आणि पतसंस्था वेगळी. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेचं ठेव विमा महामंडळ) विमा आहे, एका माणसाला एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून पाच लाखांपर्यंत. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ही मर्यादा एक लाख होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. मधली वर्षं ठेवीदारांनी कशी काढली ते पुणेकरांना विचारा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आता निर्बंध आले की नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली.

पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था आहेत, मी स्वतः तपासल्या आहेत. पण अडीअडचणीला ठेवलेला पैसा तिथे ठेवू नये एवढं मी कोणालाही सांगेन.

---

बाभळीचा_काटा

धन्यवाद नाना. मग अडीअडचणीचा पैसा ठेवायचा कुठे आणि किती? सगळे 'सहा महिन्यांचा खर्च' सांगतात. तीस हजारवाल्याने तो जमवायचा कधी?

---

तिसरी_पाळी

सहा महिने हे पुस्तकातलं. आमच्यासारख्याने आधी एक महिन्याचं खोलीभाडं, मेसचे पैसे आणि गावी जायचं एसटीचं तिकीट एवढं वेगळ्या खात्यात ठेवावं. ठेकेदाराने कामाला ब्रेक दिला की पहिली फजिती भाड्याची होते. एवढं असलं की ठेकेदाराच्या माणसाकडून उचल घ्यावी लागत नाही, आणि उचल नसली की दुसरीकडे जायला मोकळा. मग हळूहळू तीन महिन्यांपर्यंत न्यायचं.

ज्या खात्यावर यूपीआय जोडलंय त्याच खात्यात हे पैसे ठेवू नका. चहा-वडापावने कधी संपतात कळत नाही.

घरी पाठवायचं ते पगाराच्या दुसऱ्या दिवशी, ठरलेला आकडा. "उरेल ते पाठवतो" म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही, आणि आईला पण महिन्याचा अंदाज बांधता येत नाही.

---

आकडेमोड

आता एजंटाचा कागद. मामांनी फोटो टाकलाय. वर्षाला ३०,००० हप्ता, वीस वर्षं, विमा रक्कम ६ लाख, शेवटी "अंदाजे ११ लाख". वर पेनाने लिहिलंय, "८० सी खाली टॅक्स वाचेल".

पहिली गोष्ट, कुठला टॅक्स? २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला रिबेट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. या पोराचं सगळं मिळून ४ लाख ८०. आणि नव्या प्रणालीत ८० सी, म्हणजे विमा-बचतीवरची करवजावट, मिळतही नाही. जो कर बसतच नाही तो वाचवायला महिना अडीच हजार! हे वाक्य अजून दहा वर्षं तरी चालेल असं दिसतंय.

दुसरी, ११ लाख. वीस वर्षांत भरले ६ लाख, मिळाले ११, ऐकायला जवळपास दुप्पट. परताव्याचा दर काढला तर साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतो. तेच ३०,००० दरवर्षी पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी गेले, पंधरा वर्षं संपल्यावर पाच वर्षं वाढवून घेतलं, तर सव्वातेरा लाखांच्या वर जातात. पीपीएफचा दर सरकार बदलू शकतं हे मान्य.

तिसरी, आणि मला सगळ्यात खटकते ती. उद्या पोराचं काही बरंवाईट झालं तर आईला मिळणार ६ लाख. त्याच्यावर आई अवलंबून आहे, म्हणजे विम्याची गरज खरी आहे. मग नुसता टर्म प्लॅन घ्या, पन्नास लाखांचा, या वयात वर्षाला काही हजारांत होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावर जीएसटीही नाही.

---

बाभळीचा_काटा

टर्ममध्ये जिवंत राहिलं तर एक रुपया मिळत नाही. गावाकडे हे पटत नाही कोणाला. "पैसे बुडाले" म्हणतात.

---

आकडेमोड

काटा, मोटारसायकलचा विमा अपघात झाला नाही म्हणून कोणी बुडाला म्हणत नाही. असो, वाद जुना आहे. ज्याला टर्म जमत नाही त्याने निदान बँकेतून पंतप्रधान जीवन ज्योती (वर्षाला ४३६ रुपये, २ लाख) आणि सुरक्षा बीमा (२० रुपये, अपघाताचे २ लाख) सुरू करावेत. ४५६ रुपयांत दोन्ही. खात्यात मे अखेरीस तेवढे पैसे ठेवायचे, तेव्हा कापले जातात.

आणि मामा, पॉलिसी घेतलीच गेली असेल तर कागद हातात आल्यापासून ३० दिवस 'फ्री लूक' असतो. थोडीफार कपात होऊन पैसे परत मिळतात. एजंट हे शेवटच्या ओळीतही सांगत नाही.

---

खडकीचा_मामा

घेतलेली नाही अजून, फोटो काढायच्या निमित्ताने कागद माझ्याकडेच ठेवून घेतलाय. :) कार्डाचं सांगा.

---

शेवंती

न मागता आलं असेल आणि नको असेल तर चालू करू नका. तीस दिवसांत चालू केलं नाही तर बँकेला ओटीपीने संमती घ्यावी लागते, आणि संमती नाही दिली तर बँकेने पैसे न घेता ते बंद करायचं, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. "सर, फक्त ओटीपी सांगा, कार्ड बंद करते" असा फोन आला तर मात्र सांगू नका! फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाईनवर लगेच फोन, लाजत बसायचं नाही.

मी स्वतः कार्ड वापरते आणि मला ते आवडतं. अट एकच. ऑटो-पे लावताना 'टोटल ड्यू' निवडायचं, 'मिनिमम ड्यू' नाही.

---

आकडेमोड

मिनिमम ड्यूचा एकच हिशेब. बिल ४०,०००. मिनिमम ५ टक्के, म्हणजे २,०००. पोरगं ते भरतं आणि "बिल भरलं" म्हणून झोपतं. व्याज महिना साडेतीन टक्के धरलं तर १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. झाले १,६५२. दोन हजारांतून मुद्दल फिटलं ३४८ रुपये. वर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतही राहत नाही.

---

रात्रीचा_ट्रेडर

सगळी चर्चा बचतीचीच. मार्केटचं कोणी बोलतच नाही! आमच्या ग्रुपवर लोक महिन्याला पगाराइतकं काढतात ऑप्शनमध्ये. तरुण वयातच रिस्क घ्यायची ना?

---

आकडेमोड

काढणाऱ्यांचे स्क्रीनशॉट ग्रुपवर येतात. घालवणाऱ्यांचे सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, अहवालात येतात. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकत्रित तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तरुणपणी जोखीम घ्यायची असेल तर निफ्टीचा साधा इंडेक्स फंड, डायरेक्ट (मध्ये एजंट नसलेला) प्लॅन, हजार-दोन हजारांपासून, आणि सात-आठ वर्षं हात लावायचा नाही. यावर वेगळे दहा धागे आहेत, इथे नको.

---

रात्रीचा_ट्रेडर

७ टक्क्यांत आम्ही आहोत. :)

---

मालवणी_खाजा

सगळेच त्या सात टक्क्यांत असतत रे बाबा. गर्दी बघ किती झाली थंय.

---

नवा_गडी

नमस्कार. मी तो भाचा. मामाने लिंक पाठवली, सगळं वाचलं. आयडी आत्ताच काढला.

पासबुक बघितलं. माझे १,८०० आणि कंपनीचे पूर्ण १,८०० बरोबर दिसतात, पेन्शनचा रकाना शून्य आहे. पॅनवर वडिलांचं नाव मध्ये आहे, आधारवर नाही, ते दुरुस्तीला टाकतोय. काकांना काल फोन केला. जामीन राहणार नाही, पण हॉस्टेलचे पैसे पुढच्या महिन्यापासून द्यायला लागतो असं सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग "बरं" म्हणाले. आई अजून नाराज आहे.

एक प्रश्न. मला बाईक घ्यायचीय, बसची वेळ तिसऱ्या पाळीला जमत नाही. शोरूमवाला म्हणतो एक लाखाचं कर्ज, तीन वर्षं, फक्त ९ टक्के. हप्ता ३,५२८. हे चांगलं आहे का? पर्सनल लोनपेक्षा स्वस्त वाटतंय.

---

आकडेमोड

स्वागत! ३,५२८ गुणिले ३६ म्हणजे १,२७,००८. व्याज २७ हजार, म्हणजे ९ टक्के 'फ्लॅट'. तू दर महिन्याला मुद्दल फेडत जातोस, पण तो तिन्ही वर्षं पूर्ण लाखावर व्याज लावतोय. घटत्या मुद्दलावर मोजलं तर हा दर सोळा टक्क्यांच्या वर जातो. शिवाय फाईल चार्जेस, बळेच घातलेला विमा, ॲक्सेसरीज असतील ते वेगळे.

त्याच्याकडे 'की फॅक्ट स्टेटमेंट' माग. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जाला ते द्यावंच लागतं, आणि त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर, एपीआर, लिहिलेला असतो. ते कर्जदाराला समजेल त्या भाषेत द्यायचं आहे, म्हणून मराठीत माग. मग तुझा पगार ज्या बँकेत येतो तिथे टू-व्हीलर लोनचा एपीआर विचार आणि दोन्ही शेजारी ठेव. जमलं तर डाउन पेमेंट जास्त कर आणि मुदत दोन वर्षांवर आण.

---

नवा_गडी

मागितलं. शोरूमवाला म्हणाला, असलं कोणी मागत नाही, सिस्टीममध्ये बघून सांगतो.

---

शेवंती

सांगायला नको, पाठवायला सांग. आल्यावर इथे टाक, नाव आणि नंबर झाकून.